'प्लीज माझा फॉर्म भरा' : ब्लॅक बुकमधलं संशोधन नेमकं कुठे गंडतं?

जानेवारी संपत आला की मुंबई-ठाण्याकडच्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला मेसेज फिरायला लागतो. 'हाय, मी टीवायबीएमएसला आहे, प्रोजेक्टसाठी हा गुगल फॉर्म भरा ना प्लीज, फक्त दोन मिनिटं लागतील.' मग तोच मेसेज शाळेच्या ग्रुपवर जातो, सोसायटीच्या ग्रुपवर जातो आणि शेवटी मामा-मावश्यांच्या ग्रुपवर. तीन-चार दिवसांत शंभर जण फॉर्म भरतात. पाय चार्ट गुगलच काढून देतं. झेरॉक्सवाला काळं हार्ड बाइंडिंग करून वर सोनेरी अक्षरं छापून देतो, की झालं ब्लॅक बुक तयार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मुंबई विद्यापीठात बीएमएस, बीएएफ वगैरे करणारी पोरं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला 'ब्लॅक बुक' म्हणतात. पुण्याकडे एमबीएवाल्यांचं समर इंटर्नशिप प्रोजेक्ट असतं. नाव वेगळं, गोष्ट तीच. आणि त्यात 'रिसर्च मेथडॉलॉजी' नावाचं एक प्रकरण असतं, जे बहुतेक वेळा सिनिअरच्या पीडीएफमधून थेट आलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मार्क तर मिळतात, मग अडचण काय? अडचण व्हायवाच्या दिवशी येते. एक्स्टर्नल शांतपणे विचारतात, 'सॅम्पल साइझ शंभरच का घेतली?' आणि समोर पिनड्रॉप सायलेन्स. त्याहून मोठी अडचण नोकरी लागल्यावर येते. तिथे तुमच्या पाय चार्टवर विश्वास ठेवून कुणीतरी खरे पैसे लावणार असतं.

तर हे प्रकरण नीट समजून घेऊ.

आधी विषय बारीक करा

ब्लॅक बुकचे विषय कसे असतात? 'फूड डिलिव्हरी ॲप्सबद्दल ग्राहकांची पसंती : डोंबिवली शहराच्या विशेष संदर्भात.' यात प्रश्नच नाहीये. कुणाची पसंती, कशाच्या तुलनेत, आणि ती कळल्यावर कुणी काय करायचं?

याच विषयाला जरा कात्री लावू. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. संध्याकाळी लोकलमधून उतरलेली नोकरदार माणसं तिथून पोळ्या आणि भाजी घेऊन घरी जातात. समजा असं एक केंद्र चालवणाऱ्या काकूंना ठरवायचंय की आपण डिलिव्हरी ॲपवर यावं की नाही. ॲपवर गेल्या तर प्रत्येक ऑर्डरवर कमिशन जाणार, पॅकिंगचा खर्च वाढणार, एखादी बाई जास्त लावावी लागणार. मग प्रश्न असा होतो : केंद्रावर येऊन घेणारं गिऱ्हाईक ॲपवर का जात नाही, आणि ॲपवर असलेलं गिऱ्हाईक पोळी-भाजी तिथून मागवेल का?

हा झाला संशोधनाचा प्रश्न. याला उत्तर असू शकतं, ते चूक किंवा बरोबर ठरू शकतं आणि त्यावर काकूंचे पैसे अवलंबून आहेत. पुस्तकात ज्याला हायपोथेसिस म्हणतात तो याच्या पुढचा टप्पा : 'जे रोज सातनंतर स्टेशनवर उतरतात ते ॲप कमी वापरतात' असं एक तपासता येईल असं विधान आधीच लिहून ठेवायचं. 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा. आकडे आल्यावर त्यांना जुळेल असं हायपोथेसिस लिहिणं म्हणजे आधी बाण मारून नंतर त्याच्याभोवती गोल काढणं. ब्लॅक बुकमध्ये हे सर्रास चालतं.

शितावरून भाताची परीक्षा, पण कधी?

सॅम्पलिंगचं अख्खं शास्त्र या एका म्हणीत आहे. पातेल्यातल्या प्रत्येक शितावर बोट दाबून बघावं लागत नाही, एक-दोन बघितली तरी कळतं. पण हे कधी खरं? भात सगळीकडे सारखा शिजला असेल तेव्हा, किंवा तुम्ही वरून, मधून, तळातून अशी शितं उचलली असतील तेव्हा. तळाला करपलेला असेल आणि तुम्ही वरचीच पन्नास शितं तपासलीत, तर पन्नास काय न् पाचशे काय, करपल्याचं कळणारच नाही.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९३६ सालचं. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. फ्रँकलिन रूझवेल्ट विरुद्ध आल्फ लँडन. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या मासिकाने तब्बल १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यातल्या २३ लाखांहून जास्त भरून परत आल्या. एवढं मोठं सॅम्पल आजही क्वचितच कुणी घेतं. त्यावरून मासिकाने सांगितलं, लँडन साधारण ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. या मासिकाचे आधीच्या निवडणुकांचे अंदाज बरोबर आलेले, त्यामुळे लोकांचा विश्वासही होता.

निकाल लागला तेव्हा ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टनी घेतली होती. लँडनच्या वाट्याला आली फक्त मेन आणि व्हरमाँट.

झालं असं होतं की मासिकाने पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरीतून आणि गाड्यांच्या नोंदणीतून. महामंदीच्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे? बऱ्यापैकी पैसेवाल्यांकडे. शिवाय चारातल्या तिघांनी उत्तरच पाठवलं नाही. ज्यांनी पाठवलं त्यांच्यात रूझवेल्टवर चिडलेले जास्त होते, कारण चिडलेला माणूस फॉर्म आवर्जून भरतो. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप याने कितीतरी छोटं सॅम्पल घेऊन रूझवेल्ट जिंकणार असं सांगितलं होतं. दोन वर्षांत, म्हणजे १९३८ ला, लिटररी डायजेस्ट बंद पडलं. गॅलपचं नाव सर्व्हेच्या धंद्यात आजही आहे.

आता तुमचा व्हॉट्सॲप फॉर्म आठवा. तो भरला कुणी? तुमच्याच वयाची, तुमच्याच कॉलेजची, तुमच्यासारखाच फोन वापरणारी मुलं आणि तुमच्यावर माया असलेली मावशी. पुस्तकी भाषेत याला कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग म्हणतात, म्हणजे हाताला लागेल तो घेतला. ते करूच नये असं नाही, वेळ आणि पैसा नसेल तर करावं लागतं. पण मग वर 'डोंबिवली शहर' असं लिहू नये. लिहायचं, 'माझ्या ओळखीतले १८ ते २२ वयाचे शंभर जण.' शीर्षक जरा गरीब दिसतं, पण खरं असतं.

आणि शंभरच का? याचं एक ढोबळ गणित आहे. सॅम्पल खरोखर चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखं, रँडम असेल, तर १०० लोकांच्या उत्तरात साधारण १० टक्के इकडे-तिकडे चूक धरावी लागते. ४०० लोक घेतले तर ५ टक्के, १,००० घेतले तर ३ टक्के. म्हणजे चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात. शंभरातल्या ५४ जणांनी 'हो' म्हटलं म्हणून 'बहुसंख्य ग्राहकांना ॲप आवडतं' असं लिहिता येत नाही, कारण खरा आकडा ४४ ही असू शकतो आणि ६४ ही. गंमत म्हणजे शहर डोंबिवली असो की अख्खा महाराष्ट्र, या गणितात जवळपास फरक पडत नाही. पातेलं मोठं झालं म्हणून चमचा मोठा लागत नाही. मात्र सॅम्पल रँडम नसेल तर हे गणितच लागू होत नाही, मग शंभर घ्या नाहीतर २३ लाख.

या विषयात एक मराठी माणूस जगात नावाजलेला आहे, आणि मॅनेजमेंटच्या पोरांना त्यांचं नावही माहीत नसतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९४० च्या दशकात देशातलं पीक किती आलं हे कसं मोजायचं, हा मोठा प्रश्न होता. शेतात एक तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून वजन करायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा, हा मार्ग होता. आजही पीक कापणी प्रयोग म्हणून आपल्याकडे हेच चालतं. तुकडा केवढा घ्यायचा यावर तेव्हा वाद होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का? कारण कडेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लहान तुकड्यात आतल्या जागेच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. पुढे सॅम्पल सर्व्हेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक जगभर वापरलं गेलं.

म्हणजे चूक गणितात नव्हती, माणसाच्या हातात होती. फॉर्ममध्येही नेमकं तेच होतं.

प्रश्न विचारणं ही पण कलाच आहे

'ॲपची सर्व्हिस जलद आणि स्वस्त आहे का?' जलद आहे पण महाग आहे असं ज्याला वाटतं त्याने कुठे टिक करायची? हे दोन प्रश्न आहेत, दोन वेळा विचारा.

'घरचं सकस अन्न सोडून तुम्ही बाहेरचं मागवता का?' इथे तुम्ही उत्तर आधीच तोंडात घातलंय.

'तुम्ही आठवड्यातून किती वेळा मागवता?' हा साधा वाटणारा प्रश्न सगळ्यात जास्त फसवतो. माणूस खोटं बोलत नाही, पण त्याला आठवत नसतं आणि थोडं बरं दिसायचं असतं. त्यापेक्षा 'गेल्या ७ दिवसांत किती वेळा मागवलं?' असं विचारा, जमलं तर ॲपमधली ऑर्डर हिस्टरी बघून सांगायला सांगा. आणि कारण नसताना मोबाइल नंबर, ईमेल मागू नका. अनोळखी माणूस तिथेच फॉर्म बंद करतो, आणि बरोबरच करतो.

पण प्रश्न चांगला असूनही चुकीचा असू शकतो. १९८० च्या दशकात कोका-कोला पेप्सीमुळे हैराण होती. डोळे बांधून, म्हणजे नाव न सांगता चव घ्यायला दिली की लोक पेप्सीची गोड चव निवडत होते. कोका-कोलाने नवा फॉर्म्युला काढला आणि जवळपास २ लाख लोकांवर चव चाचण्या केल्या. नवी चव जिंकली. २३ एप्रिल १९८५ ला 'न्यू कोक' बाजारात आला आणि जुना बंद झाला. लोक इतके भडकले, कंपनीकडे इतके फोन आणि पत्रं आली, की ७९ दिवसांत, ११ जुलैला, जुना कोक परत आणायची घोषणा करावी लागली.

सॅम्पल दणदणीत होतं. पण चाचणीत विचारलं होतं 'कुठली चव आवडली?' आणि कंपनीला ठरवायचं होतं 'जुना बंद केला तर चालेल का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शिवाय एका घोटात गोड चव नेहमी भाव खाऊन जाते, अख्खा कॅन संपवताना तसं वाटेलच असं नाही.

मग काकूंसाठी काय करायचं?

फॉर्म बनवण्याआधी संध्याकाळी सात ते नऊ केंद्रासमोर वही घेऊन उभं राहायचं. तीन दिवस नुसतं मोजायचं. किती आले, एकटे की घरच्यांसोबत, फोन करून आधी सांगून ठेवलेलं की आल्यावर मागितलं. याला निरीक्षण म्हणतात आणि ते फुकट असतं. मग सात-आठ जणांशी निवांत बोलायचं. कदाचित कळेल की डिलिव्हरीचा प्रश्नच नाहीये, ते रस्त्यातच असतात आणि केंद्र रस्त्यात पडतं. ही माहिती तुमच्या तीस प्रश्नांच्या फॉर्ममध्ये कधीच आली नसती, कारण तो पर्यायच तुम्ही दिला नसता.

त्यानंतर दहा-बारा प्रश्नांचा फॉर्म. तो आधी दहा लोकांवर करून बघायचा, कुठे अडखळतात ते पाहायचं, दुरुस्त करायचा. मग केंद्रावर येणाऱ्या दर पाचव्या माणसाला विचारायचं. चेहरा बघून 'हा दादा बरा वाटतोय' म्हणून निवडायचं नाही. आठवड्याचे दिवस आणि रविवार दोन्ही घ्यायचे. पण इथे फक्त केंद्रावर येणारेच भेटणार, ॲपवाले नाहीत. ते शोधायला सोसायट्यांच्या गेटवर जावं लागेल, आणि तिथे वॉचमनकाकांना आधी पटवावं लागेल. किती जणांनी नकार दिला तेही लिहून ठेवायचं.

आकडे आल्यावर तीस प्रश्नांचे तीस पाय चार्ट लावू नका. दोन प्रश्न एकमेकांसमोर ठेवा : सातनंतर उतरणारे आणि आधी उतरणारे यांच्यात ॲप वापरण्यात फरक आहे का? काय-स्क्वेअर टेस्ट याच्यासाठीच असते, हा फरक योगायोगानेही दिसू शकला असता का ते बघायला. आणि फरक दिसला तरी उशिरा येण्यामुळेच ॲप कमी वापरलं जातं असं लगेच म्हणता येत नाही. उशिरा येणाऱ्यांच्या घरी कदाचित आधीच कुणी स्वयंपाक करून ठेवत असेल.

ब्लॅक बुकच्या शेवटी 'लिमिटेशन्स' म्हणून अर्धं पान असतं. तिथे 'वेळेअभावी सखोल अभ्यास करता आला नाही' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याजागी किती जणांना विचारलं, किती जणांनी नकार दिला, कुठल्या वेळेला उभे होतात आणि कोण सुटलं, एवढं जरी लिहिलं, तरी एक्स्टर्नलच्या पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात. काकूंनाही कळतं की या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा.