सर्व्हर भिजला, मेल कुठे?

अलिबाग म्हटलं की तुम्हाला रो-रो आणि सुरमई आठवते. तिथल्या रिसॉर्टच्या ऑफिसात मात्र पावसाळ्याआधी वेगळीच धास्ती असते : बुकिंगचे सगळे मेल ज्या सर्व्हरवर आहेत, त्याचं काही झालं तर?

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा! श्रीवर्धन, मुरूडकडे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं अनेक दिवस अंधारात. अशा वेळी सर्व्हर आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच कपाटात असेल, तर दोन्ही एकत्रच भिजणार ना? म्हणून आयटीवाले ‘३-२-१’ सांगतात : तीन कॉपीज, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि गाव शक्यतो घाटावरचं. मुरूडची डिस्क श्रीवर्धनला ठेवून काय मिळवलं?

खरी गोम पुढेच आहे. एक्स्चेंजसारख्या चालू सर्व्हरची डेटाबेस फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही. ताजे बदल आधी लॉग फाइल्समध्ये जातात. ते सुटले की ऐन वेळी डेटाबेस उघडायलाच नकार देतो. त्यासाठी एक्स्चेंज ओळखणारं बॅकअप सॉफ्टवेअरच हवं. शिवाय अधूनमधून रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करून बघायचं. नेमका हाच कंटाळा सगळ्यांना!

‘आमचं सगळं जीमेलवर आहे, बॉस!’ असं म्हणताय? फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर बगमुळे काही जीमेल खाती रिकामी झाली होती. गुगलने ते मेल परत आणले ते चक्क ऑफलाइन ठेवलेल्या टेपवरून.