थांबलेल्या बसजवळून जाताना

पौड रस्त्याने पिरंगुटकडे जाताना पुढची बस थांब्यावर थांबली, की तिला वळसा घालून निघून जाण्याचा मोह आपणांस होतो. बसमधून उतरणारी व्यक्ती बहुधा आपल्याच वयाची असते. गुडघे धरून सावकाश उतरते आणि बसच्या पुढूनच रस्ता ओलांडू लागते. बसआड ना ती आपल्याला दिसते, ना आपण तिला. तेथे मोटारीचा वेग पायी चालण्याइतकाच असावा.

बसचा आरसा आपल्याला दिसत नसेल, तर चालकालाही आपण दिसत नाही. ताम्हिणी घाटात अरुंद जागी उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असा नियमच आहे. चढणीवर थांबलेली भरलेली एसटी पुन्हा हलवणे सोपे नसते.

मोतीबिंदू असल्यास समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. वयाच्या 55 वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण 5 वर्षांपुरतेच होते, ते उगाच नव्हे. ‘बाबांची गाडी बंद करावी का?’ असे मुले दवाखान्यात हळूच विचारतात. मी आधी डोळे तपासून घ्यायला सांगतो. अहवाल येईपर्यंत रात्री गाडी मुलाने चालवावी.