यंत्रमानव-खेळणी, जपानी
यंत्रमानव-खेळणी, जपानी : मानवसदृश यंत्राची आकृती असलेली व मुख्यतः १९४५ ते १९८५ या काळात जपानमध्ये तयार झालेली खेळणी. प्रारंभी पत्र्याची आणि पुढे प्लॅस्टिक व जस्ताच्या मिश्रधातूची बनविलेली ही खेळणी म्हणजे मुलांच्या अल्पकालीन करमणुकीसाठी काढलेला स्वस्त माल होता. आज त्यांचा पद्धतशीर संग्रह करणारे लोक जपान, अमेरिका, फ्रान्स, इटली इ. देशांत आढळतात. पत्र्याच्या खेळण्यांचे अनेक उत्पादक लहान होते व त्यांचे कागदपत्र फारसे टिकले नाहीत. त्यामुळे कोणते खेळणे कोणी व केव्हा केले, याचे ज्ञान बव्हंशी संग्राहकांनीच वस्तूंची परस्परांशी तुलना करून उभे केले आहे. हे ज्ञान नसेल, तर अस्सल वस्तू व तिची प्रतिकृती यांतील भेद उरत नाही. म्हणून या छंदात वस्तूइतकेच वस्तूविषयीच्या माहितीलाही मोल आहे.

पार्श्वभूमी : ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या आर. यू. आर. (१९२०) या नाटकातून रूढ झाला. हे नाटक १९२४ मध्ये टोकिओ येथे रंगभूमीवर आले. त्यातून कृत्रिम मानवाची कल्पना जपानी प्रेक्षकांना परिचित झाली. पत्र्याची खेळणी जपानमध्ये महायुद्धापूर्वीही होत असत. युद्धकाळात धातू लष्करी कामासाठी राखून ठेवल्याने हा व्यवसाय थंडावला. युद्ध संपताच १९४५ च्या अखेरीस ओत्सू येथील माट्सुझो कोसुगे या कारागिराने अमेरिकी सैन्याने टाकून दिलेल्या डब्यांच्या पत्र्यापासून छोटी जीपगाडी तयार केली. क्योतो येथे ती विक्रीस येताच लोकप्रिय ठरली. व्यवसायाच्या पुनरुज्जीवनाची ही सुरुवात मानली जाते. लवकरच खेळण्यांच्या निर्यातीस परवानगी मिळाली. १९५२ मध्ये दोस्त राष्ट्रांचा अंमल संपला. तत्पूर्वी निर्यात झालेल्या अनेक खेळण्यांवर ‘व्याप्त जपानमध्ये तयार केलेले’ या अर्थाचे इंग्रजी शब्द आढळतात. कालनिश्चितीस ते उपयोगी पडतात.

पत्र्याची खेळणी : कथिलाचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यावर शिलामुद्रणाने रंगीत आकृत्या छापीत. नंतर दाबयंत्रात पत्र्याला आकार देऊन निरनिराळे भाग कडेच्या लहान पट्ट्या खाचांत दुमडून जोडीत. छातीवरील मापके, तबकड्या व खिळे बहुधा केवळ छापलेले असत. आरंभीची खेळणी चावी दिलेल्या स्प्रिंगवर चालत. पुढे लहान विद्युत् चलित्र व कोरडे घट आल्यावर डोळे लुकलुकणे, आवाज काढणे, छातीची दारे उघडून बंदुका बाहेर येणे अशा क्रिया शक्य झाल्या. १९५० नंतरच्या दशकातील विज्ञानपटांचाही या रूपांवर प्रभाव पडला. फॉरबिडन प्लॅनेट (१९५६) या अमेरिकी चित्रपटातील ‘रॉबी’ या यंत्रमानवाशी साम्य असलेली अनेक खेळणी जपानी कारखान्यांनी काढली. त्यांत नोमुरा कंपनीचे खेळणे विशेष प्रसिद्ध आहे.

मासुदाया, नोमुरा, योनेझावा, होरिकावा व योशिया हे या काळातील प्रमुख उत्पादक होत. पुष्कळ खेळण्यांवर उत्पादकाचे पूर्ण नाव नसून आद्याक्षरांचे लहान व्यापारचिन्ह असते, उदा., नोमुराचे ‘टी. एन.’ व होरिकावाचे ‘एस. एच.’. काहींच्या खोक्यांवर तर अमेरिकी आयातदाराचेच नाव ठळकपणे दिसते. त्यामुळे चिन्हांचे वाचन ही संग्राहकाची पहिली विद्या ठरते. तीही नेहमी निर्णायक नसते. ‘लिलिपुट’ या लहान, चौकोनी ठेवणीच्या यंत्रमानवास अनेक जण सर्वांत जुना जपानी यंत्रमानव मानतात. तथापि तो युद्धपूर्व की युद्धोत्तर, याविषयी संग्राहकांत मतभेद आहेत.

मासुदाया कंपनीचे सुमारे ३८ सेंमी. उंचीचे पाच यंत्रमानव संग्राहकांत ‘पाचांची टोळी’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या धडाचा साचा जवळजवळ एकच असून रंग, छपाई व आतील यंत्रणा भिन्न आहेत. त्यांपैकी ‘रेडिकॉन’ (१९५७ च्या सुमारास) हा रेडिओ-लहरींनी नियंत्रित होणारा होता, तर ‘मशीन मॅन’ हा पाचांत अत्यंत दुर्मिळ समजला जातो. हे सामूहिक नाव उत्पादकाने दिलेले नाही. ते संग्राहकांनी दिले. विखुरलेल्या वस्तूंची संगती लावण्याच्या त्यांच्या कामाचे हे बोलके उदाहरण होय.

दूरचित्रवाणी व मिश्रधातूची खेळणी : पत्र्याची खेळणी प्रामुख्याने निर्यातीवर अवलंबून होती. १९४९ पासून एका डॉलरला ३६० येन हा दर स्थिर होता. १९७१ च्या अखेरीस तो ३०८ येन झाला व १९७३ पासून येनचे मूल्य बाजारावर सोडण्यात आले. वाढती मजुरी, महागलेला येन आणि प्लॅस्टिकचा प्रसार यांमुळे स्वस्त निर्यातीचा पाया खचला व उत्पादकांचे लक्ष देशांतर्गत बाजाराकडे वळले. तेथे दूरचित्रवाणीने नवे नायक निर्माण केले होते. ओसामू तेझुका यांच्या चित्रकथेवरील तेत्सुवान अतोमू आणि मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेवरील तेत्सुजिन २८-गो या दोन्ही सचेतपट मालिका १९६३ मध्ये सुरू झाल्या. डिसेंबर १९७२ मध्ये गो नागाई यांच्या कल्पनेवर आधारित माझिंगर झेड ही मालिका आली. तीत नायक यंत्रमानवाच्या आत बसून तो चालवितो.

बंदाई कंपनीच्या पोपी या उपकंपनीने १९७३ मध्ये सुमारे ६० सेंमी. उंचीचा माझिंगर पॉलिएथिलिनमध्ये, तर १९७४ मध्ये सुमारे १२ सेंमी. उंचीचा माझिंगर जस्ताच्या मिश्रधातूत तयार केला. धातूच्या खेळण्यांना मालिकेतील काल्पनिक धातूवरून ‘चोगोकिन’ (अतिमिश्रधातू) हे नाव मिळाले. हातात भरणारे वजन व स्प्रिंगने उडणारी मूठ ही त्यांची खास आकर्षणे होती. काँबॅटलर व्ही (१९७६) या मालिकेपासून अनेक वाहने जोडून एक यंत्रमानव करण्याची रचना लोकप्रिय झाली. पोपीचे अभिकल्पक कात्सुशी मुराकामी यांचे या क्षेत्रातील कार्य मोलाचे आहे. मोबाइल सूट गंडम (१९७९) या मालिकेवरील जुळवणीचे प्लॅस्टिक संच १९८० पासून निघाले आणि मोठ्या मुलांचे लक्ष त्यांकडे गेले. क्लोव्हर (१९८३) व ताकातोकू (१९८४) या कंपन्यांचे दिवाळे निघाले, तर पोपी १९८३ मध्ये बंदाईत विलीन झाली. टाकारा कंपनीच्या रूपांतरशील खेळण्यांतून १९८४ मध्ये अमेरिकेत ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही मालिका उदयास आली.

संग्राहक-समुदाय : संग्राहकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग पत्र्याच्या खेळण्यांचा होय. जपानमध्ये तेरुहिसा कितहारा यांनी जुनी खेळणी मोठ्या प्रमाणावर जमवून १९८६ मध्ये योकोहामा येथे पत्र्याच्या खेळण्यांचे संग्रहालय उघडले. त्यांच्या सचित्र ग्रंथांमुळे या वस्तूंना प्रतिष्ठा लाभली. यांतील बहुतेक माल परदेशी गेला असल्याने जपानी खेळणी अमेरिकेतून विकत घेऊन पुन्हा जपानमध्ये आणण्याची वेळ तेथील संग्राहकांवर आली. दुसरा वर्ग मालिकांतील यंत्रमानवांचा असून त्याचे मूळ संग्राहकांच्या बालपणात आहे. १९७८ मध्ये एकच मालिका फ्रान्समध्ये ‘गोल्डोराक’ व इटलीत ‘अत्लास ऊफो रोबो’ या नावांनी दाखविली गेली. अमेरिकेत मॅटेल कंपनीने पोपीची खेळणी ‘शोगन वॉरियर्स’ या नावाने विकली. त्या काळची मुले प्रौढ झाल्यावर खेळण्यांच्या मूळ जपानी आवृत्त्यांचा शोध घेऊ लागली. टोकिओतील नाकानो ब्रॉडवे या व्यापारी संकुलात १९८० मध्ये जुन्या चित्रकथांचे दुकान म्हणून सुरू झालेले ‘मांदाराके’ पुढे अशा खेळण्यांचे मोठे विक्रीकेंद्र बनले. मेळावे, लिलाव व संग्राहकांनीच सिद्ध केलेल्या सूचीही समुदायाला बांधून ठेवतात. प्रौढ ग्राहकांसाठी बंदाईने १९९७ पासून ‘चोगोकिनचा आत्मा’ या अर्थाच्या नावाने नवी मालिका काढली.

मूल्यमापन व जतन : किंमत दुर्मिळता, अवस्था व पूर्णता यांवर ठरते. मुठी, क्षेपणास्त्रे, माहितीपत्रक व विशेषतः मूळ खोके यांमुळे ती पुष्कळ वाढते. मुले खोके फाडून टाकीत. म्हणूनच टिकलेले खोके कधीकधी खेळण्याहूनही दुर्मिळ असते. दमट हवेने पत्रा गंजतो, आत राहिलेल्या घटांतील द्रव झिरपून यंत्रणा खराब होते आणि सूर्यप्रकाशाने प्लॅस्टिक पिवळे पडते. यासाठी घट काढून ठेवणे, खेळणी कोरड्या व मंद प्रकाशाच्या जागी ठेवणे आणि मूळ छपाईवर पुन्हा रंग न देणे, ही पथ्ये पाळली जातात.

किंमती वाढल्यावर प्रतिकृतींचा प्रश्न तीव्र झाला. प्रतिकृती म्हणून उघडपणे विकलेले खेळणे निषिद्ध नाही. परंतु नवे खोके जुने म्हणून विकणे, तुटलेला हात दुसऱ्याच खेळण्याचा बसविणे किंवा दुरुस्ती लपविणे यांमुळे खरेदीदाराची फसवणूक तर होतेच, शिवाय वस्तूंच्या आधारे रचलेला इतिहासही दूषित होतो. कागदोपत्री पुरावा तुटपुंजा असल्याने एका बनावट नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष पुढील सूचींत शिरू शकतो. म्हणून खेळण्याचा पूर्वेतिहास व त्यावरील दुरुस्ती स्पष्ट सांगणे हा या समुदायातील प्रामाणिक व्यवहाराचा मुख्य निकष मानला जातो. न खेळलेले खेळणे सर्वांत मौल्यवान ठरावे, हा या छंदातील अंतर्विरोध होय. तथापि अज्ञात कारागिरांची जी कामगिरी उत्पादकांनी नोंदविली नाही, ती पुढील पिढ्यांसाठी बव्हंशी या छंदामुळेच टिकून राहिली आहे.