घराखालची जमीन

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्याकडे घराघरांत पोचला तो वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे. शास्त्रज्ञ म्हणून नाव होण्याच्या कितीतरी आधी, 1886 साली, गुलामीत जन्मलेल्या या तरुणाने कॅन्ससच्या माळावर 160 एकरांचा दावा लावला आणि राहायला मातीचं घर उभं केलं. त्या माळावर ना लाकूड, ना चिरा. नांगराने गवतासकट मातीच्या फूटभर रुंद पट्ट्या सोलायच्या, फावड्याने त्यांचे तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली करून विटांसारखे रचायचे. मुळांचं जाळं माती धरून ठेवी. भिंत दोन-तीन फूट जाड. थंडीत आत ऊब, पावसात मात्र छतातून चिखल गळे.

हे वाचताना मला आपला कूड आठवतो. कारवीच्या किंवा निरगुडीच्या काठ्या उभ्या-आडव्या घट्ट बांधायच्या, मातीत शेण आणि भाताचा तूस कालवून दोन्ही अंगांनी लिंपायचं. लिंपणाऱ्या बाईच्या बोटांच्या रेघा भिंत सुकल्यावरही दिसत राहतात. मिरगाच्या आधी पेंढ्याने छप्पर शाकारायचं, पावसाच्या अंगाला झावळ्यांचा आडोसा करायचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुणब्यांच्या आणि महारांच्या कित्येक पिढ्या अशा घरांत जन्मल्या आणि गेल्या.

दोन्हीकडे माती हाताशी होती म्हणून घर मातीचं. कायद्याने मात्र त्या घरांना अगदी उलटी किंमत दिली.

अमेरिकेत 20 मे 1862 चा कायदा सांगत होता: सरकारी जमिनीवर घर बांधा, पाच वर्षं राहा, कसा, मग दोन साक्षीदार आणा, जमीन तुमची. ढेकळांचं ते घर म्हणजे मालकीचा पुरावाच. ही जमीन पॉनी, शायान, कॅन्सा अशा मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, हे वगळून ही गोष्ट सांगणं खोटेपणाचं होईल. तरीही कालपर्यंत जी माणसं स्वतःच विकली जात होती, त्यांच्या नावावर जमीन चढू लागली. 1878 मध्ये केंटकीहून निघालेली कृष्णवर्णीय कुटुंबं कॅन्ससमध्ये निकोडेमसला पोचली, तेव्हा आधी आलेले लोक जमिनीत खणलेल्या खोल्यांत राहत होते. गाव कुठे आहे ते जमिनीतून वर येणाऱ्या धुरावरून कळायचं.

रत्नागिरीत घर कितीही जुनं असलं तरी त्याने काही सिद्ध होत नसे. खोत मुळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. त्याचा हक्क वंशपरंपरागत झाला, 1880 च्या खोती कायद्याने तो आणखी पक्का केला, आणि डोंगर फोडून वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवणारा उरला कूळ. पिकाचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा खोताचा, म्हणून अर्धेल आणि तिर्धेल. वर वेठ. कुळाने खोताशी तोंड वाजवलं, तर शेताबरोबर डोक्यावरचं छप्परही जाण्याची भीती, कारण कूड त्याचा असला तरी खालची जमीन खोताची. या एका भीतीवर ही पद्धत इतकी वर्षं टिकली असं मला वाटतं. भाताचा हिस्सा देऊन माणूस अर्धपोटी जगेल, पण भर पावसात पोरंबाळं घेऊन जाणार कुठे? घरातला एक तरी पुरुष मुंबईच्या गिरणीत जायचा, त्याच्या मनीऑर्डरीवर उरलेलं घर तगायचं.

महारांची अडचण दुहेरी होती. कूळ म्हणून खोत मानेवर आणि वतनाच्या तुकड्यासाठी साऱ्या गावाची चाकरी. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, लहानपणाची काही वर्षं दापोलीची. त्यामुळे हे सगळं त्यांच्या घरचंच दुखणं. वतनाच्या कायद्यात दुरुस्तीसाठी त्यांनी 1928 मध्ये विधेयक आणलं. 1929 च्या एप्रिलमध्ये चिपळूणच्या परिषदेत ते खोतीविरुद्ध बोलले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं: खोताला भरपाई द्या, पण प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमिनीचा हक्क द्या. 10 जानेवारी 1938 ला हजारो शेतकरी मुंबईच्या विधानसभेवर चालून गेले. कुणबी आणि महार एका मोर्चात, एका मागणीसाठी. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! विधेयक मंजूर झालं नाही. खोती संपवणारा कायदा झाला तो 1949 साली, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, आणि खेर स्वतः रत्नागिरीचेच.

त्याच्या आदल्या वर्षीच्या कुळकायद्यातली दोन कलमं मला सर्वांत जवळची वाटतात. सोळावं म्हणतं, कुळाने बांधलेल्या घरातून त्याला हुसकावता येणार नाही. सतरावं म्हणतं, ती घराखालची जागा विकायची झाली तर ती विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचा.

निकोडेमस 1996 पासून अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. आपला कूड दोन-तीन पावसाळे लिंपला नाही की पुन्हा माती होतो. आता वाड्यांवर चिऱ्याची, सिमेंटची घरं आहेत. एखाद्या परसात जुन्या घराचं जोतं तेवढं दिसतं, आणि सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, आजोबाचं नाव: कूळ म्हणून.