पुढच्या ॲक्सलचा आवाज: हाउसिंग उघडण्याआधी एक तास द्या



दर आठवड्याला या वेळी फवारणीचा मेसेज येतो. आज विषय गाडीचा आहे. टोमॅटोची तोडणी सुरू झाली की आपल्या बऱ्याच सभासदांच्या जुन्या फोर व्हील पिकअप आणि जीपा रोज माल वाहतात. त्यातलीच एक आमच्या घरची. मागच्या हंगामात तिने आम्हाला जे शिकवलं ते तुमच्याही कामाला येईल, म्हणून लिहिते आहे.

गाडी वीस वर्षं जुनी. डाव्या पुढच्या चाकातून ग्रीस बाहेर येत होतं, म्हणून तोडणीआधी दोन्ही बाजूंची ऑइल सील आणि चाकांची बेअरिंग नवीन टाकली. तीनच दिवसांत पुढून घर्रर्र आवाज सुरू झाला. वेग ३० च्या पुढे गेला की वाढायचा. आमचे मेस्त्री म्हणाले, "नवीन बेअरिंग आहे, बसेल हळूहळू." दुसऱ्या एका गॅरेजला दाखवली, तर त्यांनी गाडी न चालवताच सांगितलं, "क्राउन-पिनियन गेलंय, हाउसिंग उघडावी लागेल." अण्णा पैशांची जुळवाजुळव करायला लागले.

मी म्हटलं, "अण्णा, प्लॉटवर मी औषध सांगितलं की तुम्ही विचारता ना, आधी रोग कोणता ते सांग? मग इथं पण तेच करू." मी काही मेकॅनिक नाही, कृषी पदविकावाली. पण निदानाची रीत तीच: एकेक कारण बाजूला काढायचं.

*चाचणी १: हब फ्री आणि हब लॉक*
आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब आहेत. गाडी टू व्हीलमध्ये आणि दोन्ही हब फ्री असले की चाक फक्त आपल्या बेअरिंगवर फिरतं. आतला शाफ्ट, क्रॉस, डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट हे सगळं थांबलेलं असतं. हब लॉक केले की टू व्हीलमध्येसुद्धा हे सगळं चाकाबरोबर फिरतं. म्हणून एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने दोन फेऱ्या मारायच्या. आवाज फक्त लॉकमध्ये आला तर दोष आत आहे. दोन्ही वेळा आला तर चाकापाशी: बेअरिंग, ब्रेक किंवा टायर. आमचा दोन्ही वेळा आला. म्हणजे क्राउन-पिनियनचा संबंध नाही, हे दहा मिनिटांत कळलं. ज्यांच्या गाडीला असे हब नाहीत त्यांनी पुढच्या चाचण्या कराव्यात.

*चाचणी २: वळण*
मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात गाडी हलकेच डावी-उजवीकडे घ्या. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर. आमचा तिथेच वाढला.

*चाचणी ३: जॅक*
सपाट, टणक जागा बघा. मागच्या चाकांना दगड लावा, चाक उचला आणि ॲक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग ढिलं. तरीही राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट बघा. आमचा खेळ गेला.

हब उघडला आणि अण्णा गप्पच झाले. बेअरिंगवर दोन नट असतात, मध्ये लॉक वॉशर. त्या वॉशरची कड नटावर वाकवलेलीच नव्हती. बाहेरचा नट हाताने फिरला. या गाडीत रोज सकाळी तोडणीच्या सात-आठ बाया बसून शेतावर येतात. संध्याकाळी ५० कॅरेट, म्हणजे साधारण टनभर माल घेऊन माझा भाऊ उतार उतरतो. "बसेल हळूहळू" म्हणत अजून आठवडा काढला असता तर काय झालं असतं, ते लिहायला नको.

मेस्त्रींना फोन केला. ते लगेच आले, "घाईत राहून गेलं, ताई" म्हणाले आणि मजुरी न घेता काम केलं. खराब झालेलं बेअरिंग बाहेरच्या रिंगसकट बदललं. चाक फिरवत नट आवळला, बेअरिंग बसल्यावर सैल केला आणि मग पुस्तकात दिल्याप्रमाणे सेट केला. खेळ नको आणि चाक मोकळं फिरायला हवं. फार आवळलं तरी बेअरिंग तापून जळतं. शेवटी लॉक नट लावून वॉशरची कड वाकवली.

*बाकीचे आवाज कसे ओळखायचे?*
▪️ हब लॉक असताना वळणावर टकटक: शाफ्टचा क्रॉस.
▪️ रेस दिल्यावर सूंऽऽ आणि सोडल्यावर आवाज बदलतो: क्राउन-पिनियन. आधी हाउसिंगचं तेल तपासा.
▪️ हब लॉक असताना वेगात थरथर: प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. शाफ्ट खोलून जोडताना दोन्ही टोकं एका रेषेत बसली नसतील तरीही होतं.
▪️ पत्रा घासल्यासारखा आवाज: काम करताना ब्रेकमागचा पत्रा वाकला असेल.
▪️ कोरड्या डांबरीवर फोर व्हीलमध्ये वळताना स्टीअरिंग जड, धक्के: बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. या जुन्या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वेगाचा फरक सांभाळणारी सोय नसते. फोर व्हील चिखलातच वापरा आणि चारही टायर एका मापाचे ठेवा.

*सावधान:* एक चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका. फोर व्हील लागलेली असेल तर बाकीची चाकं गाडी पुढे ओढतात.

*काम झाल्यावर:* १०-१५ किलोमीटर चालवून दोन्ही हबला जपून हात लावा. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर गाडी परत दाखवा. शंभरेक किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून खेळ तपासा.

आणि गाडी ताब्यात घेताना मेस्त्रींना एकच विचारा: "वॉशरची कड वाकवली का?" त्यांना राग येणार नाही. आमचे मेस्त्री आता ती कड आधी दाखवतात, मगच हबचं झाकण लावतात.

करप्याच्या फवारणीचा मेसेज उद्या सकाळी येईल.

— तुमची कृषी सल्लागार