पदवीदान ते पटसंख्या: अमेरिकेतील छोट्या महाविद्यालयांचा उन्हाळा

अमेरिकेतील ‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालये बहुतेक खासगी, निवासी आणि प्रामुख्याने पदवीपर्यंतच शिकवणारी असतात. विद्यार्थी साधारणपणे एक ते तीन हजार, काही ठिकाणी त्याहूनही कमी. शैक्षणिक वर्ष ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये ‘फॉल’ सत्राने सुरू होते आणि मे-जूनमधील पदवीदानाने संपते. मधला जून ते ऑगस्ट हा तिकडचा उन्हाळा. या काळात नेहमीचे वर्ग भरत नाहीत, पण पुढच्या वर्षाचा जमाखर्च बराचसा याच महिन्यांत ठरतो. विल्यम्स किंवा ग्रिनेलसारख्या मोजक्या संस्थांच्या गाठीशी अब्जावधी डॉलरचा निधी आहे. बाकीच्यांची भिस्त फी आणि राहण्याजेवणाच्या शुल्कावर, म्हणजे अखेर पटसंख्येवर असते.

पाहुणे, शिबिरे आणि डागडुजी

पदवीदान आटोपले की माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात. पाच, दहा, पंचवीस, पन्नास वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकड्यांना बोलावण्याची प्रथा आहे. पाहुण्यांपैकी अनेकांची सोय मुलांनी नुकत्याच रिकाम्या केलेल्या वसतिगृहांत होते. बऱ्याच महाविद्यालयांचे आर्थिक वर्ष ३० जूनला संपते, म्हणून देणग्या मिळवण्याचा शेवटचा जोरही याच दिवसांत लागतो.

मग खोल्या, भोजनगृहे आणि मैदाने भाड्याने जातात. शाळकरी मुलांची क्रीडाशिबिरे, संगीताचे वर्ग, परिषदा, क्वचित लग्नसमारंभही आवारात होतात. काही उन्हाळी उपक्रमांनी स्वतःची ओळख कमावली आहे. व्हरमाँट राज्यातील मिडलबरी कॉलेजात १९१५ मध्ये जर्मन भाषेची उन्हाळी शाळा सुरू झाली. पुढे तिथे इतर अनेक भाषांची भर पडली. शिकत असलेल्या भाषेखेरीज दुसरी भाषा बोलणार नाही, अशी प्रतिज्ञा विद्यार्थ्यांना करावी लागते आणि ती वर्गाबाहेर, जेवणाच्या टेबलावरही पाळायची असते. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या गावी १९५५ मध्ये विल्यम्सटाउन नाट्यमहोत्सव सुरू झाला आणि महाविद्यालयाची नाट्यगृहे उन्हाळ्यातही वापरात राहिली.

प्राध्यापकांचा पगार बहुधा नऊ महिन्यांच्या कामाचा असतो. उन्हाळा त्यांना संशोधनाला मिळतो. या महाविद्यालयांत सहसा पीएचडीचे विद्यार्थी नसतात, त्यामुळे प्रयोगशाळेत प्राध्यापकांच्या हाताशी पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलेच असतात. मोठ्या विद्यापीठात ज्या कामासाठी वाट पाहावी लागते, ते इथे विशीतल्या मुलांना मिळते. नॅशनल सायन्स फाउंडेशन ही केंद्रीय संस्था १९८७ पासून अशा उन्हाळी संशोधनाला खास अनुदान देते. त्यातले प्रकल्प साधारण दहा आठवड्यांचे असतात आणि मुलांना विद्यावेतन मिळते.

इमारतींची मोठी कामेही याच मुदतीत उरकावी लागतात. छपरे, नळ, बॉयलर, रंगकाम, गालिचे यांना हात घालायला मुले आवारात असताना सवड मिळत नाही. शिबिरे सुरू असलेल्या इमारती वगळून कामांचे वेळापत्रक बसवणे हे देखभाल विभागाचे कसब असते.

उन्हाळी गळती

प्रवेशाचे गणित वसंतातच मांडले जाते. परंपरेने १ मे ही अनामत भरून जागा निश्चित करण्याची तारीख. पण अनामत भरलेली सगळीच मुले येत नाहीत. प्रतीक्षा यादीतून दुसरीकडे जागा मिळते, आर्थिक मदत पुरी पडत नाही किंवा कागदपत्रे अडकतात. प्रवेश कार्यालये याला ‘समर मेल्ट’ म्हणतात. सरकारी मदतीसाठी भरावा लागणारा ‘फाफ्सा’ हा अर्ज २०२४-२५ या वर्षासाठी नव्या रूपात, तोही नेहमीपेक्षा उशिरा आला, तेव्हा अनेक महाविद्यालयांना १ मेची मुदत पुढे न्यावी लागली होती.

छोट्या संस्थेला ही गळती का झोंबते, हे साध्या हिशोबातून कळते. खासगी महाविद्यालये पहिल्या वर्षाच्या मुलांना जाहीर फीवर सरासरी निम्म्याहून अधिक सवलत देतात. सवलत वजा जाता एका मुलाकडून वर्षाला २५ हजार डॉलर येतात असे धरले, तर ४०० पैकी २० मुले न आल्यास पाच लाख डॉलरची तूट पडते. त्या जागा नंतर भरल्या गेल्या नाहीत, तर चार वर्षांत तूट वीस लाखांवर जाते. म्हणूनच जून-जुलैत प्रवेश विभागाकडून घरोघरी फोन, संदेश आणि पत्रे जात राहतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलांसाठी हाच काळ व्हिसाचा. महाविद्यालयाने दिलेले ‘आय-२०’ हे पात्रतेचे प्रमाणपत्र, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलरचे ‘सेव्हिस’ शुल्क आणि मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत हे टप्पे पार करावे लागतात. नव्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम सुरू होण्याआधी फार तर ३० दिवस अमेरिकेत प्रवेश मिळतो. मुलाखतीची तारीख लांबली, तर प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलण्याची वेळ येते.

ऑगस्टची लगबग

जुलैत प्रश्नावलीवरून खोलीतले जोडीदार ठरतात, मार्गदर्शक प्राध्यापक नेमले जातात आणि पहिल्या वर्षाच्या चर्चावर्गांत मुलांची वाटणी होते. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात वसतिगृहांची जबाबदारी घेणारे वरच्या वर्गांतले विद्यार्थी प्रशिक्षणासाठी परततात. पाठोपाठ फुटबॉल, सॉकर, व्हॉलीबॉलचे संघ येतात. यांतली बरीच महाविद्यालये ‘एनसीएए’ या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागात खेळतात. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, तरीही संघात खेळायला मिळते म्हणून अनेक मुले छोटे महाविद्यालय निवडतात. प्रवेशसंख्येला त्याचा हातभार लागतो.

नंतर नव्या मुलांचा परिचय सप्ताह येतो. मेन राज्यातील कोल्बी कॉलेज मुलांना गटागटाने सहलींवर पाठवते. ओहायोतील केन्यन कॉलेजात नवी तुकडी रॉस हॉलच्या पायऱ्यांवर उभी राहून महाविद्यालयाची गाणी म्हणते. मिनेसोटातील कार्लटन कॉलेजात वर्ष सप्टेंबरच्या मध्यावर उघडते आणि उद्घाटनाच्या सभेत झगे घालून येणाऱ्या प्राध्यापकांवर विद्यार्थी साबणाचे फुगे सोडतात.

अंतिम मोजणी

वर्ग सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, ठरलेल्या तारखेला अधिकृत पटसंख्या मोजली जाते. आता ही मोजणी अधिक जाचक झाली आहे. अमेरिकेत २००७ मध्ये ४३ लाखांहून अधिक मुले जन्मली. त्यानंतर मंदी आली आणि जन्म घटत गेले. ती मोठी पिढी २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे यापुढे अर्जदारांची संख्याच आटणार आहे. काही महाविद्यालये तर आधीच बंद पडली आहेत. न्यूयॉर्क राज्यातील, १८६८ मध्ये स्थापन झालेल्या वेल्स कॉलेजने २०२४ च्या एप्रिलअखेरीस बंद होण्याची घोषणा केली आणि ते सत्र शेवटचे ठरले. अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज त्याच वर्षी ३१ मे रोजी बंद झाले.

मोजलेली संख्या अंदाजाला धरून असेल, तर वर्षाचा अर्थसंकल्प कायम होतो. कमी भरली, तर नोकरीच्या रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, दुरुस्त्या पुढे ढकलल्या जातात, विद्यार्थी नसलेले विषय गुंडाळले जातात. तोवर प्रवेश अधिकारी पुढच्या फॉलसाठी शाळांच्या दौऱ्यावर निघालेले असतात.