पूल आतून गंजतो, तेव्हा सेन्सर काय सांगतो?

वर्धा : कापसाचा हंगाम लागला की हिंगणघाट, पुलगावकडे भरल्या गाड्यांची रांग लागते. वणा, यशोदा, धाम, वर्धा यांपैकी एखादी नदी वाटेत येतेच. वरचं डांबर चांगलं म्हणजे पूल चांगला, असा आपला समज. पण दुखणं बहुतेकदा आत, सळईत असतं.

गुजरातेत महीसागर नदीवरचा गंभीरा पूल ९ जुलै २०२५ रोजी वाहतूक सुरू असतानाच तुटला. २० हून अधिक जीव गेले. पूल १९८५ चा, म्हणजे ४० वर्षांचा होता.

माती परीक्षणात आपण सामू पाहतो, तसा काँक्रीटलाही सामू असतो. नव्या काँक्रीटचा १२ च्या वर. तोवर सळई सुरक्षित. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो ९ च्या आसपास उतरला की ओलाव्याने गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो.

हे आधी कळावं म्हणून यंत्रं आहेत. एकात तांबं आणि फवारणीचंच मोरचूद असतं. रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर. किती सळई खाल्ली, हे मात्र त्यातून कळत नाही. दुसरं यंत्र ताण मोजतं. ट्रक गेल्यावर तुळई पूर्ववत झाली नाही, तर तो इशारा. तिसरं कंपनं मोजतं. मडकं घेताना टिचकी मारून आवाज ऐकतो, तोच हा हिशेब. तडकलेल्या पुलाची कंपनं मंदावतात. आपल्याकडच्या उन्हानेही काँक्रीट प्रसरतं, म्हणून निदान वर्षभराच्या नोंदी लागतात.

महाराष्ट्रात याचा जुना दाखला कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचे हादरे धरणातल्याच यंत्राने नोंदवले. धरणाला तडे गेले, पुढे ते मजबूत केलं गेलं. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने आता १५ मीटरहून उंच धरणांवर देखरेखीची उपकरणं बंधनकारक आहेत.

गावच्या पुलावर सेन्सर क्वचितच दिसतो. तिथे डोळेच कामी येतात. स्लॅबखाली तांबूस ओघळ, उघडी सळई, सांध्यात गाडीला नवा दणका, ही लक्षणं. तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना रंगाने खूण करून तारीख टाकावी. खुणेपुढे सरकला, तर फोटोसह अर्ज द्यावा. ग्रामीण रस्ता असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.